फिरत्या घरातलं पाणी

कोहमाऱ्याच्या चौकातून नवेगाव बांधच्या रस्त्याला लागलं की एका ढाब्यामागे जुनी मिनीबस उभी दिसते. चाकं काढलेली, खाली विटा लावलेल्या. ढाबेवाला तिच्यात कांद्याची पोती ठेवतो. बसच्या मागच्या काचेवर निळ्या रंगात लिहिलेलं अजून वाचता येतं : 'ढाळ पाहून चालावे'. ट्रकवाले ते वाचतात आणि हसतात, कारण तो रस्ता सपाट आहे. ते वाक्य आमच्या सरांचं आणि ती बसही त्यांचीच. त्या बसमधून मी त्यांच्यासोबत भर मे महिन्यात राजस्थानच्या वाळवंटात गेलो होतो. सर आता नाहीत. ते मला आवडत होते की नाही हे मी बरीच वर्षं ठरवू शकलो नाही.

आम्ही दोघं एकाच शाळेत होतो. मी गणित शिकवायचो, ते भूगोल. सर जातीनं कोहळी, म्हणजे आमच्या भागात ज्यांच्या वाडवडलांनी गावोगाव तलाव बांधले त्या लोकांपैकी. त्यांच्या गावचा तलाव त्यांच्याच कोण्या पूर्वजानं बांधलेला होता आणि सर त्याच्याबद्दल असं बोलत, की ऐकणाऱ्याला तो घरातला एखादा म्हातारा माणूस वाटावा. "आज तलावाची तब्येत बरी नाही," असं ते स्टाफरूममध्ये सांगत आणि छत्री घेऊन अर्ध्या दिवसाची रजा टाकत.

कुठंही गेले की ते आधी ढाळ पाहत. कोणाच्या घरी पाऊल टाकलं की खांद्याच्या पिशवीतून फिरकीच्या झाकणाचा तांब्या काढायचा, झाकण फिरवायचं, फरशीवर चार थेंब टाकायचे आणि ते कुठं जातात हे वाकून पाहायचं. लग्नाच्या मांडवात, बँकेत, एकदा तर शिक्षणाधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये. साहेबांच्या टेबलाखालून पाणी वाहत त्यांच्या बुटापर्यंत गेलं, तेव्हा सर समाधानानं म्हणाले, "सारं तुमच्याकडंच जाऊन राहिलं साहेब." साहेबांना यातला अर्थ कळला की नाही, देव जाणे. सरांना तरी त्यात काही अर्थ नव्हता. त्यांना खरंच ढाळच दिसत होता.

आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी तेच केलं. थेंब टाकले, पाहिलं आणि माझ्या बायकोला सांगितलं, "वहिनी, तुमच्या घराचा ढाळ चुकला. मोरीकडं पाहिजे होता, दाराकडं जाऊन राहिला." बायकोनं हसून पाण्याचा पेला पुढं ठेवला. सरांनी पेल्याकडं पाहिलं, मान हलवली आणि आपल्या तांब्यातलं पाणी प्यायले.

पेला तसाच परत गेला. त्या दिवसापासून तो नेहमीच तसा परत जात राहिला.

आम्ही बौद्ध. आमच्या दारात कोणी पाणी नाकारलं की त्याचा अर्थ काय हे आम्हाला कोणी समजावून सांगावं लागत नाही. पण सरांचा हिशेब काही केल्या जुळेना. ते आमच्याकडं जेवत. बायकोच्या हातचा मटणाचा रस्सा ते दोनदा मागून घेत, बोटं चाटत. पाणी मात्र स्वतःचं. शाळेतल्या दुसऱ्या कोणाकडंही ते पाणी पीत नाहीत, त्यांच्या जातीतल्यांकडंही नाही, असं लोक सांगत. विचारलं की म्हणत, "परक्या पान्यानं मले पोट धरते." रश्शात काय पाणी नसतं, असं मी एकदा म्हणालो. ते म्हणाले, "शिजलेलं चालते."

बायको हे ऐकून स्वयंपाकघरात गेली आणि तिथून मला ऐकू येईल एवढ्या आवाजात बोलली, "आपल्या घरी पानी सांडाले चालते, प्याले चालत नाही. हे कोनतं शास्त्र होय?"

तिनं पेला ठेवणं मात्र सोडलं नाही. सर आले की ती पेला आणून ठेवायची, सर गेले की तोच पेला उचलून अंगणातल्या कागदी लिंबाच्या झाडाला घालायची. त्या पाण्यावर झाड चांगलं वाढलं. मी एकदा म्हणालो, कशाला ठेवतेस? ती म्हणाली, "मी माझं काम करतो. त्यानं त्याचं करावं."

मीही माझ्या परीनं फिट्टंफाट केली होती. शाळेत ते कधी तांब्या पुढं करत, "घ्या, आमच्या तलावाचं आहे," म्हणत. मी घेत नसे. "मलाही पोट धरतं," असं सांगत असे. त्यांनी ते खरं मानलं. माझ्या पोटाची ते अधूनमधून चौकशीही करत.

वाळवंटाचं खूळ त्यांच्या निरोपसमारंभात शिरलं. शाल, नारळ, भाषणं झाली. एक माजी विद्यार्थिनी, आता ती स्वतःच शिक्षिका आहे, बोलायला उठली आणि म्हणाली की सरांनी थरचं वाळवंट असं काही शिकवलं, की आम्हाला वर्गात तहान लागायची. मग तिनं सहज विचारलं, "सर, तुमी कधी गेले होते तिथं?" सर म्हणाले, "नाही." सभा हसली. सर हसले नाहीत. नंतर सायकलस्टँडपाशी मला म्हणाले, "सारी नोकरी मी न पाहिलेली गोष्ट शिकवली. हे काय झालं?" मी म्हणालो, मीसुद्धा अनंत ही संख्या कुठं पाहिली आहे? त्यांना ते पटलं नाही.

निवृत्तीच्या पैशातून त्यांनी दवनीवाडा गावातून एक जुनी मिनीबस आणली आणि कोहमाऱ्याला वेल्डिंगच्या दुकानासमोर उभी केली. मोबाइलवर त्यांनी परदेशी लोकांची फिरती घरं पाहिली होती. बाकं काढून तिथं पलंग आला, गॅस आला, मच्छरदाणी आली. पलंगाच्या डोक्याशी कूलर आला, आमच्याकडचा पत्र्याचा, वाळ्याच्या जाळीचा. मागच्या अर्ध्या भागात पाण्याची काळी प्लास्टिकची टाकी आली, जिनं सगळी जागा खाल्ली. ढाब्यावरचे लोक खाटेवर बसून पाहत. "काऊन गुरुजी, घरी जागा कमी पडली का?" असं विचारत. सर म्हणत, "घर जाग्यावर राहिलं की मानूस त्याच्यात सडते."

टाकी त्यांनी आपल्या गावच्या तलावाच्या पाण्यानं भरली. जायचं त्यांनी नवतप्यात ठरवलं. आमच्याकडं मे महिन्याच्या शेवटी ऊन भाजून काढतं, ते नऊ दिवस. लोक त्या दिवसांत दुपारी कुत्रंसुद्धा बाहेर सोडत नाहीत. मी म्हणालो, डिसेंबरात जाऊ. सर म्हणाले, "डिसेंबरातलं वाळवंट म्हनजे घरी आलेल्या पाहुन्यांसमोर बसलेली सासू. तिचा खरा स्वभाव मे महिन्यात." त्यांच्या घरचं कोणी यायला तयार नव्हतं. माझी बायको मला म्हणाली, "तुमी जा. तिथं त दुसरीकडलं पानी प्याच लागन. पाहा मग कसं पोट धरते त."

मी त्यासाठी गेलो असं म्हणणार नाही. पण त्यासाठीही गेलो.

त्या गाडीत दोन पाणी होती. मागे सरांची टाकी, पुढे सीटखाली माझा विकतच्या पाण्याचा कॅन. त्यांनी माझं प्यायचं नाही, मी त्यांचं प्यायचं नाही. चहासुद्धा दोन वेगळ्या भांड्यांत होई. शिजलेलं चालत होतं तर एकाच पाण्याचा चहा का नको, हे मी विचारलं. ते म्हणाले, "तुमच्या पोटाचं पाहावं लागते ना."

माळव्यातून जाताना त्यांनी गाडी थांबवून काळी माती हातात घेतली. "आपल्याकडले पोवार इथून आले म्हनतात," ते म्हणाले. "एवढी माती सोडून आपल्या धानाच्या चिखलात कायले आले असतील?" मग तीच माती त्यांनी रुमालात बांधली. रस्त्यात अशी बरीच माती गोळा झाली. गाडीचं ओझं वाढत गेलं.

जोधपूरच्या पुढं ऊन बदललं. आमच्याकडचं ऊन घाम काढतं, अंगाला चिकटतं. हे ऊन घाम येऊच देत नव्हतं. काचेवर हात ठेवला की चटका बसायचा. दारं उघडी ठेवली तर भट्टीचं तोंड, बंद ठेवली तर भट्टी. कूलर चालू करावा तर त्याला पाणी लागतं आणि सर आपल्या टाकीतलं पाणी कूलरला द्यायला तयार नव्हते. आम्ही खिशात कांदे ठेवले होते, डोक्याला ओले दुपट्टे बांधले होते. सर मात्र खूश होते. पुस्तकातलं एकेक वाक्य त्यांना समोर सापडत होतं. एखादी टेकडी दिसली की ते स्टिअरिंग सोडून हात दाखवत, "पाहा, वाऱ्याकडली बाजू सपाट, पलीकडली उभी. मी सांगितलं होतं का नाही?" मी म्हणायचो, सांगितलं होतं सर, आधी स्टिअरिंग धरा.

फलोदी सोडून आम्ही आडवाटेला लागलो. सरांना गाव नको होतं, हॉटेल नको होतं. दुपार व्हायच्या आधी एका ठिकाणी जमीन एकदम खाली गेली आणि समोर पांढरं पसरलं. दूरपर्यंत सपाट, कोरडं, कडेला खुरट्या झुडपांची रांग. मला ते पाहून भीती वाटली. सरांना घर दिसलं.

"हे तलावाचं पोट होय," ते म्हणाले.

आमच्याकडं उन्हाळ्यात तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, आटल्या की त्यांच्या पोटातून वाट पडते. बैलगाड्या जातात, ट्रॅक्टर जातात, लग्नाचं वऱ्हाडसुद्धा फेरा वाचवायला तिथूनच जातं. सुकलेला गाळ दगडासारखा होतो. सरांनी जन्मभर तेच पाहिलं होतं. ते उतरले, तांब्याचं झाकण फिरवलं, पांढऱ्या कवचावर चार थेंब टाकले. थेंब कुठंही गेले नाहीत. जागच्या जागी सुकले.

"ढाळच नाही. पोटाचा मध्य आहे. हे गाडी पेलते," ते म्हणाले आणि गिअर टाकला.

काही अंतर गाडी छान गेली. मलासुद्धा वाटलं की बरोबर आहे. मग मागचं डावं चाक बसलं. सरांनी वेग वाढवला आणि उजवंही बसलं. खाली उतरून पाहिलं तर पांढरं कवच पापडासारखं फुटलं होतं आणि खाली काळा, ओला, वास मारणारा चिखल होता. ते मीठ होतं. मीठ वरून सुकतं आणि खाली ओल धरून ठेवतं. आमच्या तलावांत मीठ नसतं, म्हणून हे आम्हाला माहीत असायचं कारण नव्हतं. सरांनी चिखल बोटावर घेऊन चाटला. "पुस्तकात हे होतं," ते म्हणाले. "मी शिकवलं होतं. खारी सरोवरं, पान तिसरं." त्यांना गाडी रुतल्याचं इतकं वाईट वाटलं नाही, जितकं हे आठवलं नाही याचं वाटलं.

पलीकडून शेळ्या घेऊन जाणारा एक माणूस थांबून आमच्याकडं पाहत होता. डोक्याला लाल फेटा, हातात मोबाइल. तो झुडपांच्या कडेकडेनं, पाय कुठं टाकायचा ते पाहत आला. गाडीभोवती फिरला, आत डोकावला, पलंग आणि गॅस पाहिला.

"इसमें तो हम ऊँट भी नहीं लाते, बाबूजी," तो म्हणाला. "आप पूरा घर ले आए?"

त्याच्या भावाकडं ट्रॅक्टर होता. पण ट्रॅक्टरही फक्त कडेपर्यंतच येणार होता, लांब दोर लावून ओढावं लागणार होतं. ऊन उतरल्यावर येतो, तोपर्यंत गाडी हलकी करा, असं त्यानं सांगितलं. "जितना वजन है, सब उतारो. नहीं तो रस्सा टूटेगा, गाड़ी यहीं रहेगी." पाणी आहे ना, हे त्यानं दोनदा विचारलं. सरांनी टाकीकडं बोट केलं. तो निश्चिंत होऊन गेला.

आम्ही उतरवायला लागलो. पलंग उतरवला, गॅस उतरवला, स्टेपनी उतरवली, कूलर उतरवला. माळव्यातली आणि वाटेतली सगळी माती उतरवली. मग काहीच उरलं नाही. टाकी उरली. आम्ही दोघं तिच्याकडं पाहत उभे राहिलो.

"हिचं वजन किती होईन?" सरांनी विचारलं.

"जेवढे लिटर तेवढे किलो, सर."

"ते मले माहीत आहे."

तरी ते बराच वेळ हलले नाहीत. मग त्यांनी एक घागर भरून घेतली, तांब्या भरून घेतला आणि टाकीचा नळ पूर्ण उघडला. त्यांच्या गावच्या तलावाचं पाणी त्या पांढऱ्या जमिनीवर पडलं आणि पडल्या जागी काळं होऊन आत गेलं. सर तिथं टोपी काढून उभे राहिले. कोणाच्या मयतीला उभं राहतात तसे. मला हसू येईल असं वाटलं होतं, आलं नाही.

आम्ही गाडीच्या सावलीत सतरंजी टाकून आडवे झालो. घागर सरांनी उशाशी ठेवली होती. डोळा लागला असावा, कारण मला जाग आली ती सरांच्या ओरडण्यानं. घागरीखालचं कवचही फुटलं होतं. घागर कलली होती आणि आत तळाला एवढंसं पाणी होतं, तेही खारट चिखलानं काळं झालेलं. सरांनी ते पाहिलं आणि तांब्या छातीशी धरला.

तांब्या किती पुरणार? दुपार वर चढली तेव्हा तो संपला होता. माझा कॅन जवळजवळ भरलेला होता. मी पेल्यात ओतलं आणि त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी मान हलवली.

"सर, इथं कसलं पोट धरतं?"

"नको."

उकळून देतो म्हणालो. ते म्हणाले, "शिजलेलं जेवनात चालते, तहानेले नाही."

मी प्यालो. त्यांच्यासमोरच प्यालो. राग आला होता मला. निदान इथं तरी हे खूळ सुटेल असं वाटलं होतं. तासाभरानं त्यांच्या ओठांवर पांढरे पापुद्रे दिसायला लागले. त्यांना घाम येत नव्हता. मी माझ्या कॅनमधलं पाणी ओतून दुपट्टा भिजवला आणि त्यांच्या डोक्यावर ठेवला. ते म्हणाले, "डोक्यावर चालते." मग थोड्या वेळानं त्यांनी डोळे मिटूनच सांगितलं, "वाळवंटाचे प्रकार सांगा. मागच्या बाकावरचे."

तेव्हा मी घाबरलो. हा माणूस इथं मरेल आणि मी शेजारी भरला कॅन घेऊन बसलेला असेन, हे मला स्पष्ट दिसलं. मी त्यांना हलवून बसवलं, पाठ गाडीच्या चाकाला टेकवली.

"सर, एकदा खरं सांगा. काऊन पीत नाही तुम्ही?"

त्यांनी डोळे उघडले. आवाज खरखरीत आला, पण बोलले ते शुद्धीवरच.

"आमच्या घरात बोलतात. ज्यानं तलाव बांधला त्याच्या घरच्या मोठ्या पोरानं दुसरं पानी तोंडाले लावलं, त पाळ फुटते. बापानं मले शपथ घातली. मी मोठा पोरगा."

पाळ, म्हणजे तलावाचा मातीचा बांध. दरवर्षी अंधश्रद्धा निर्मूलनावर शाळेत भाषण करणारा हा माणूस. मी तसं म्हणालोसुद्धा.

"करतो भाषन," ते म्हणाले. "तलाव भाषन ऐकत नाही. खाली गावभराचे धान आहेत, मास्तर. माझ्या एकट्याच्या तहानेपाई पाळ गेली त?"

"मग हे सांगायचं होतं ना. इतकी वर्षं पोट धरतं, पोट धरतं!"

"सांगितलं असतं त तुमी हासले असते."

"हसलो असतो," मी म्हणालो. "पण दुसरं काही समजलो नसतो."

"दुसरं काय?"

ते खरंच विचारत होते. त्यांना खरंच माहीत नव्हतं. जगातला सगळा ढाळ पाहणाऱ्या माणसाला समोरचं एवढं दिसलं नव्हतं. मग मी सांगितलं. आमच्या दारात न प्यायलेला पेला म्हणजे काय असतं, माझी बायको तो पेला उचलून झाडाला घालायची तेव्हा काय समजायची, मी त्यांचा तांब्या का घेत नव्हतो. फार मोठ्यानं नाही सांगितलं. तेवढी ताकद त्या उन्हात कोणातच नव्हती.

सरांनी डोळे मिटले. ऊन पांढऱ्या जमिनीवरून डोळ्यांत घुसत होतं. मला वाटलं पुन्हा भ्रम झाला. मग त्यांनी हात पुढं केला.

"द्या."

मी पेला दिला. ते एका दमात प्यायले, ठसका लागला, पुन्हा प्यायले. तिसरा पेला त्यांनी सावकाश घेतला. "काय बेचव पानी आहे हे," ते म्हणाले. "तुमी हे रोज पिता?"

ट्रॅक्टर ऊन उतरल्यावर आला. दोर लागला, गाडी निघाली, चिखलासकट. फेटेवाल्यानं आम्हाला आपल्या घरी नेलं आणि त्याच्या घरच्या मडक्यातलं पाणी सरांनी न बोलता घेतलं. परतीच्या वाटेवर टेकड्या दिसल्या तरी त्यांचे स्टिअरिंगवरचे हात सुटले नाहीत. फक्त नागपूर ओलांडल्यावर एकदा विचारलं, "औंदा पाऊस जास्त आहे म्हनतात, नाही का?"

घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"मराले लागल्यावर कोनीही पिते," ती म्हणाली. "त्याच्यात काय आहे? माझ्या घरी येऊन, खुर्चीवर बसून, काही झालेलं नसतानी प्याला, त मी मानीन."

मी म्हणालो, तू त्यांचा चेहरा पाहिला नाहीस. ती म्हणाली, "तुमी माझा पेला उचलला नाही."

जूनमध्ये सर आले. तांब्या खांद्याला होताच. बायकोनं पेला ठेवला. सर पेल्याकडं पाहत राहिले, मग खिडकीबाहेर आभाळाकडं पाहत राहिले. आता उठतो म्हणाले आणि उठले. पेला झाडाला गेला. माणूस घाबरलेला आहे हे मला दिसत होतं. सारा पावसाळा पुढं होता, पाळ पुढं होती. एकदा प्यायलेलं तलावानं चालवून घेतलं तर घेतलं, पण रोज रोज कशाला उगाच त्याच्या डोळ्यावर या, असा त्यांचा हिशेब असावा. गणित मला कळत होतं. आवडलं मात्र नाही.

श्रावणात पाऊस लागून राहिला. एके सकाळी शाळेच्या शिपायाचा फोन आला : सरांच्या गावची पाळ सांडव्याजवळ फुटली. खालची काही बांधी, म्हणजे धानाची खाचरं, वाहून गेली, गाव पोती घेऊन पाळीवर आहे, सर रात्रीपासून कंबरभर पाण्यात आहेत. फोन स्पीकरवर होता. बायको तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"झालं," ती म्हणाली. "आता त त्याले पुरावा भेटला. आता तो कायले पिते."

मलाही तसंच वाटलं. खरं सांगतो, मला त्या पाळीचं जितकं वाईट वाटलं, त्याहून जास्त त्या पेल्याचं वाटलं. शास्त्र सरांच्या बाजूनं उभं राहिलं नाही, तलाव त्यांच्या बापाच्या बाजूनं उभा राहिला. आता या माणसानं काय करावं?

दोन-तीन दिवसांनी दुपारी दारात चपला वाजल्या. सर होते. गुडघ्यांपर्यंत लाल मुरूम वाळलेला, तळहातांना चिंध्या गुंडाळलेल्या, दाढी वाढलेली. ते आत आले आणि खुर्चीवर बसले. थेंब टाकले नाहीत. मग माझ्या लक्षात आलं की त्यांच्या खांद्याला तांब्या नव्हता.

बायको स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. या वेळी ती पेला आणायला गेली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मी तिच्याकडं पाहिलं, ती भिंतीकडं पाहत होती. बाहेर पन्हाळीचं पाणी पडत होतं.

सरांनी वाट पाहिली. मग म्हणाले, "वहिनी, आज पानी नाही का?"

ती आत गेली. पेला भरून आणला, तिपाईवर ठेवला नाही, सरळ त्यांच्यापुढं धरला. सरांनी चिंध्या गुंडाळलेल्या हातांनी तो घेतला आणि प्यायले. सावकाश, खुर्चीवर बसून.

"पाळ फुटली म्हनतात," बायको म्हणाली.

"फुटली."

"मंग?"

"मंग काय? बांधली. आमाले दुसरं काय येते?"

त्यांनी पेल्याच्या तळाशी उरलेले चार थेंब फरशीवर टाकले आणि वाकून पाहिलं. थेंब दाराकडं निघाले.

"ढाळ अजून तसाच आहे, वहिनी," ते म्हणाले आणि दुसऱ्या पेल्यासाठी हात पुढं केला.